लाल टिंबाचे शब्द

मी बावीस वर्षं रोज एक इंग्रजी शब्द मोडला. नऊ अक्षरांचा शब्द घ्यायचा, त्याची अक्षरं विस्कटायची, ती नऊ घरांच्या चौकोनात भरायची आणि जबलपूरच्या लोकांना सकाळच्या चहाबरोबर द्यायची. त्यांनी तो शब्द पुन्हा जोडायचा. एका इंग्रजी दैनिकाच्या शहर-पुरवणीत हे कोडं येत असे. दैनिकाचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, पेपरची नाही.

माझी नेमणूक प्रूफरीडरची. कोडं हे जास्तीचं काम. ते आधी करणारे गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "आप तो चुपचाप बैठे रहते हैं, आप ही कर लीजिए." घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि टेबलावर इंग्रजी, असं माझं आयुष्य गेलं. तिन्हींपैकी एकाही भाषेत मी फारसं बोलत नाही. अशा कामाला तसा माणूस बरा पडतो.

नियम सोपे आहेत. मधल्या घरातलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच. चार अक्षरांपासून पुढचे जितके शब्द सापडतील तितके लिहायचे. आणि एक शब्द असा दडलेला असतो की त्यात नऊच्या नऊ अक्षरं लागतात. लहान शब्द कुणालाही सापडतात. त्या लांब शब्दासाठी लोक आंघोळीला उशीर करतात, भाजी करपवतात, बायकोशी अबोला धरतात.

लोकांना वाटतं, मी अक्षरं घेऊन बसतो आणि त्यांतून शब्द शोधतो. खरं काम उलटं आहे. आधी लांब शब्द निवडायचा. तो घराघरात माहीत असलेला हवा, पण पटकन तोंडावर येणारा नको. त्यातून निदान वीस-पंचवीस लहान शब्द निघायला हवेत. एक्स किंवा झेड आलं की लहान शब्द आटतात, म्हणून ती अक्षरं टाळायची. त्या लहान शब्दांत नातवाने आजीला अर्थ विचारू नये असा एखादा निघाला तर मधलं अक्षर बदलायचं. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: त्याच नऊ अक्षरांचा दुसरा लांब शब्द होत नाही ना, हे पाहायचं.

हे शेवटचं मला एका लिलाववाल्याने शिकवलं. पहिल्याच महिन्यात मी 'एज्युकेशन' दिला होता. पाचही स्वर त्यात आहेत म्हणून मी खुशीत होतो. उत्तर छापून आलं त्या सकाळी फोन वाजला.

"भाईसाहब, आपका जवाब गलत है."

"कैसे?"

"मैंने 'ऑक्शन्ड' निकाला. नौ के नौ अक्षर. चालीस साल से यही धंधा कर रहा हूँ, पुराना फर्नीचर नीलाम करता हूँ, और आप छाप रहे हैं एज्युकेशन!"

मी अक्षरं मोजली. बरोबर होतं. म्हटलं, "दोनों सही हैं जी."

"दोनों कैसे सही? एक माल के दो मालिक नहीं होते."

दुपारी एका कॉलेजातल्या बाई 'कॉशन्ड' घेऊन आल्या. तोही बरोबर होता. त्या दिवसापासून मी वही सुरू केली. शब्दाची अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने लावायची. 'एज्युकेशन'ची ओळ होते ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. तिला मी किल्ली म्हणत असे. शब्द त्याच्या किल्लीखाली लिहायचा आणि पुढे छापल्याची तारीख टाकायची. त्याच अक्षरांचा दुसरा शब्द कधी भेटला की तो आपसूक त्याच जागी येऊन बसतो. शब्द दिला आहे की नाही, हे पाहायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागत नसे. अशा आठ वह्या झाल्या.

गिऱ्हाइकं विचित्र होती आणि मला ती आवडत. नेपियर टाउनमधले एक दातांचे डॉक्टर स्वतः ऑफिसात आले होते. बाहेरच्या बाकावर पेपर ठेवलेला असे. "पेशंट खुर्चीत बसतो, आ करतो, आणि मशीन चालू करणार तेवढ्यात माझा हात धरून विचारतो, डॉक्टरसाब, 'आर' से क्या बनेगा? दुखणं विसरून जातो." सोमवारी गर्दी असते, त्या दिवशी सोपं द्या, एवढीच त्यांची विनंती. मी बरीच वर्षं सोमवारचं कोडं सोपं ठेवलं. कुणालाही न कळता शहराच्या दातदुखीत माझा एवढा वाटा होता.

आणि प्रमिलाताई. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, त्याही नेपियर टाउनच्या. महिन्याला त्यांचं एक पोस्टकार्ड येई. निळी शाई, सरळ ओळी. मी छापलेल्या यादीत कुठले लहान शब्द राहिले ते त्या क्रमवार लिहीत आणि खाली एक वाक्य मराठीत: 'प्रयत्न चांगला, पण घाई दिसते.' एकदा त्या ऑफिसातही येऊन गेल्या. मला वाटलं होतं, या बाई उंच असतील. त्या माझ्या खांद्याएवढ्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही मराठी आहात हे मला शब्दांवरून कळलं. इंग्रज माणूस इतकं भीत-भीत अक्षरं नाही वापरत." मी ते वाक्य घरी जाऊन मीनाला, माझ्या बायकोला सांगितलं. ती आठवडाभर हसत होती.

आता जे सांगायचं ते सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वी मीनाचं ऑपरेशन झालं. दवाखाना, घर, ऑफिस. त्या पंधरवड्यात एका सकाळी कोडं तयार नव्हतं. मी वही उघडली, चार वर्षांपूर्वी छापलेला एक शब्द उचलला, चौकोनातली अक्षरं इकडची तिकडे केली आणि पाठवून दिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात दोन दिले. मीना बरी झाली, पण मी थकलेलाच राहिलो. ती म्हणायची, "काहून असे बसून राहता? ऑपरेशन तुमचं झालं का माझं?" रोज एक नवा शब्द शोधणं हे बाहेरून खेळासारखं दिसतं. पंधरा वर्षांनी ते विहिरीतून पाणी काढण्यासारखं होतं आणि दोर दरवर्षी लांबत जातो.

हळूहळू रिवाजच पडला. रविवारचं कोडं नवं, बाकीची जुनी. दुसऱ्यांदा वापरलेल्या शब्दापुढे मी वहीत लाल टिंब देत असे, म्हणजे चुकून तिसऱ्यांदा जायला नको. कोडी नवीनच हवीत असा साहेबांचा नियम होता. मी नियम मोडत होतो आणि त्याची व्यवस्थित नोंदही ठेवत होतो.

यंदा पावसाळ्यात नवे साहेब आले, दुबेजी. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की दिल्लीच्या एका एजन्सीकडून तयार कोडी मिळतात. "आपके हाथ का काम है, इसलिए रखा है. रिपीट हुआ तो फिर क्या फायदा?" त्यानंतर आठवडाभरात तो फोन आला. दुबेजी माझ्या समोरच्या खुर्चीत बसून पुरवणीचं पान बघत होते. मी रिसीव्हर उचलणार तर म्हणाले, "स्पीकर पर लीजिए. देखें, पब्लिक क्या कहती है."

बाईचा आवाज होता. हिंदीत सुरुवात केली. माझ्या दोन वाक्यांतला हेल ऐकून मराठीवर आली. "बरं झालं, तुम्ही आपलेच निघाले. मी वर्षा बोलून राहिली, नेपियर टाउनमधून. मी भोपाळला असते, आईकडे आली आहे. माझी आई रोज तुमचं कोडं सोडवते, तुम्हाला कार्डपण टाकते." मी ओळखलं, प्रमिलाताईंची मुलगी. "तिनं आजचं कोडं पाहिल्या-पाहिल्या उत्तर लिहिलं, ऑबर्जीन. म्हणते, हे आधी येऊन गेलं, तुझे बाबा होते तेव्हा. सकाळपासून ऐकूनच नाही राहिली. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. ती एकटी राहते, गॅस दोनदा चालू राहिला, म्हणून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असं काही बोलली तर खरं-खोटं तपासून लिहून ठेवा. म्हणून फक्त एवढंच सांगा. हे येऊन गेलं का?"

येऊन गेलं होतं. ऑबर्जीन म्हणजे वांगं. आपल्याकडे इंग्रजीत सगळे ब्रिंजल म्हणतात आणि भाजीवाले भटा, म्हणून शब्द अवघड. त्याच्यापुढचं लाल टिंब मी चार दिवसांपूर्वीच दिलं होतं, शाईसुद्धा आठवत होती. दुबेजींनी पानावरून डोळे वर केले.

मी म्हणालो, "नाही ताई. आमची कोडी रोज नवीन असतात."

"पक्कं?"

"पक्कं."

"अच्छा," ती म्हणाली. "थँक यू, काका."

दुबेजींना मराठी बोलता येत नाही, पण कळतं. ते समाधानाने पान उलटून निघून गेले. माझ्यासमोर फोन होता. त्यावर वर्षाचा नंबर दिसत होता. मी तो कागदावर उतरवून घेतला आणि कागद खिशात ठेवला. उद्या करू, असं म्हणालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, आता केला तर ती विचारेल, काल का नाही. तिसऱ्या दिवशी तेच कारण आणखी मोठं झालं होतं. असे उद्या-उद्या म्हणत तीन आठवडे गेले. महिनाअखेर आली आणि पोस्टकार्ड आलं नाही.

तेव्हा मी ऑबर्जीन असलेली वही पिशवीत घातली आणि स्कूटर काढली.

कोचिंग क्लासच्या फलकांमागे त्यांचं बैठं घर आहे. दार वर्षाने उघडलं. आत कपाटं उघडी होती, गाद्यांच्या वळकट्या बांधलेल्या. प्रमिलाताई पलंगाच्या कडेला मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या, गाडीची वाट पाहत असल्यासारख्या. भोपाळची गाडी दोन दिवसांनी होती.

"या," त्या म्हणाल्या. "वर्षा, हे कोडंवाले. एवढं तरी बरोबर आठवते ना गं?"

मी म्हटलं, "ताई, कार्ड आलं नाही."

"काय लिहू? बंद केलं मी. चौकोन पाहिला की वाटते, हा आधी पाहिला. रोजच वाटते. डॉक्टरला सांगितलं तर म्हणाले, असंच होतं यात, नवं ते जुनं वाटतं. मग म्हटलं, कशाला आपल्याच डोक्याची परीक्षा घ्यायची."

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. किल्ली दाखवली, तिच्याखालचा शब्द, पहिली तारीख, दुसरी तारीख, लाल टिंब. त्यांनी चष्मा लावला. दोन्ही तारखांवर बोट ठेवलं.

"म्हणजे येऊन गेलं होतं."

"हो."

"पनागरचा भाजीवाला दारात होता," त्या वर्षाकडे न बघता तिला सांगू लागल्या. "मला शब्द सुचून नव्हता राहिला. तो म्हणाला, अम्मा, भटा ले लो, ताजे हैं. त्यानं भटा वर धरला आणि मी तिथंच ओरडली. तुझे बाबा आतून म्हणाले, भट्यासाठी एवढं काय ओरडते? मी सांगितलं होतं तुला हे. असंच सांगितलं होतं."

वर्षा माझ्याकडे पाहत होती. "काका, मी तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"हो."

"काहून खोटं बोलले?"

"समोर साहेब बसले होते."

"अच्छा. साहेब बसले होते." तिने हातातली चादर घडी घालायची थांबवली. "आणि उठून गेल्यावर? माझा नंबर तर होता तुमच्याकडे."

खिशात घडी घातलेला कागद होता, तो मी बाहेर काढला नाही.

प्रमिलाताई एकेक पान उलटत होत्या. लाल टिंबावर बोट थांबे. "हापण? हापण दुसऱ्यांदा? हा तर मला वाटलाच होता." आवाजात आधी आनंद होता, वर्गात उत्तर बरोबर आलेल्या मुलीसारखा. मग तो गेला. त्यांनी वही मिटली आणि मला विचारलं, "या तीन आठवड्यांत मी किती गोष्टी सोडून दिल्या, ठाऊक आहे? वर्षा म्हणाली, चांदीची वाटी तू हरवली. मी म्हटलं, नणंदेला दिली. ती म्हणाली, नाही. मग मी म्हटलं, असेल, हरवलीच असेल. कोडंवाले नाही म्हणाले तर मीच चुकत असेन. सगळ्याला हो-हो म्हणत गेली. हे घर सोडायलापण. आता ते सगळं कुठल्या वहीत पाहू?"

"आई," वर्षा हळू आवाजात म्हणाली, "गॅस दोनदा चालू राहिला होता. तो काही यांनी नाही ठेवला."

"तो मीच ठेवला. मी कुठं नाही म्हणून राहिली?"

वर्षाने चहा केला. मला त्या चहाची लाज वाटली, पण प्यायलो.

त्या भोपाळला गेल्याच. तयारी झाली होती आणि गॅसची गोष्ट खोटी नव्हती. पण ठरलं असं की घर विकायचं नाही, कुलूप लावून ठेवायचं. दिवाळीनंतर डॉक्टर पुन्हा तपासतील आणि मग ठरेल, प्रमिलाताई परत आपल्या घरी राहायला येऊ शकतात की नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, "वही फेकू नका. मी फोन करीन."

दुसऱ्या दिवशी मी आठही वह्या दुबेजींच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. त्यांनी पानं चाळली. टिंबं बघत राहिले.

"इतने साल? किसी ने पकड़ा नहीं?"

"एक ने पकड़ा, सर."

"और आपने उन्हीं को..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. ते पूर्ण करायला मी मदत केली नाही. कोडं आता एजन्सीकडून येतं. चांगलं असतं. प्रूफं माझ्याकडे राहिली, वह्याही घरी आणल्या. मीना म्हणाली, "आता तरी झोप येईल." झोप येते, पण थकवा तोच आहे. तो शब्दांचा नव्हताच बहुतेक.

प्रमिलाताईंचा फोन गुरुवारी दुपारी घरी येतो, त्या दिवशी माझी सुट्टी असते. त्या एक शब्द सांगतात आणि तो कधी आला होता ते सांगतात. 'कार्पेंटर': नातवाच्या मुंजीच्या आठवड्यात, सुतार देवघराचं दार बसवत होता. 'टँजरिन': नागपूरहून दीर संत्री घेऊन आले होते, त्या वेळी. मी किल्ली तयार करतो, वही उघडतो, तारीख वाचतो. तिकडे वर्षा मुंजीची पत्रिका, जुने फोटो, फोनमधले मेसेज पाहते. दोन्ही जुळलं की तारीख डॉक्टरांच्या फाइलीत जाते. वर्षा माझ्याशी फार बोलत नाही. "जुळलं" किंवा "पंधरा दिवसांचा फरक आहे, चालेल," एवढंच. सहा गुरुवार झाले, सहा शब्द झाले, सहाही वहीत होते.

मागच्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "सॅक्सोफोन. शेजारच्या मुलीच्या लग्नाचा बँड दारासमोर वाजत होता. मी पेपर घेऊन ओट्यावर बसली होती. हे म्हणाले, उत्तर तर तुझ्यासमोर नाचून राहिलं. मला चांगलं आठवते. त्यांचा स्वेटर हिरवा होता."

मी किल्ली लावली. त्या जागी काही नव्हतं. एक्स असलेला शब्द मी देत नाही हे मला ठाऊक होतं, तरी एकेक करून आठही वह्या पाहिल्या. त्या फोनवर थांबल्या होत्या. मागे कुकरची शिट्टी झाली.

एक 'हो' पुरला असता. लग्न खरंच झालं असेल, बँड वाजला असेल, स्वेटर हिरवा असेल. वह्या तपासायला दुसरं कुणी नव्हतं, त्या माझ्याच घरात होत्या. दिवाळी तीन आठवड्यांवर आहे आणि नेपियर टाउनच्या घराला कुलूप आहे. या वेळचं खोटं माझ्यासाठी नव्हतं, त्यांच्यासाठी झालं असतं.

"ताई, नाही," मी म्हणालो. "हा शब्द मी कधीच दिला नाही."

"नीट पाहिलं?"

"आठही वह्या पाहिल्या."

मग त्यांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, शाळेतला.

"वर्षा, ती डॉक्टरची फाइल आण. लिही, सहा बरोबर, एक चूक. आणि त्याच्याखाली लिही, तपासणारा आता चूक असली तर चूक सांगतो."